पस्तीस दिवसांचे किती?

व्यसनमुक्ती केंद्राला फोन लावला की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, महिन्याचे किती? आम्हीही तोच विचारला. पलीकडून आकडा आला, आम्ही तो वहीत लिहिला, दुसरीकडे फोन लावला. दोन दिवसांत वहीचे एक पान भरले. नऊ हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत आकडे होते आणि कोणता महाग, कोणता स्वस्त हे त्या पानावरून काही केल्या कळत नव्हते. ते कळायला आम्हाला पुढे वर्ष लागले. म्हणून हा हिशोब जसा झाला तसा इथे मांडत आहोत. ज्यांच्या घरी ही वेळ आली आहे त्यांना तो कामी येईल.

आम्ही म्हणजे वाटूरचे एक घर. जालना-मंठा रस्त्यावर फाट्याला आमचे वेल्डिंगचे दुकान आहे. ग्रिल, शटर, ट्रॅक्टरची ट्रॉली, शेतकऱ्यांची मोडलेली अवजारे, असे काम. तीन एकर कोरडवाहू आहे, त्यात कापूस आणि तूर. आम्ही तिघे भाऊ. दोघे मोठे, आमच्या घरच्या, अम्मी, आणि धाकटा, त्याची बायको आणि त्याची दोन मुले. हा लेख धाकट्याविषयी आहे. तो लिहायला त्याची परवानगी आहे. नाव नको, एवढे तो म्हणाला.

मुसलमानाच्या घरात दारू म्हटले की आधी अवघडलेपण येते. हिंदू शेजाऱ्याकडे दारुडा असेल तर लोक म्हणतात, बिचाऱ्याचे नशीब. आपल्याकडे म्हणतात, मुसलमान असून? त्या एका वाक्यामुळे घरे वर्षानुवर्षे गप्प बसतात. नातेवाइकांना सांगायचे, लिव्हरचा त्रास आहे. जमातीत विचारले तर, कामाला गेलाय. मधल्या काळात माणूस जातो आणि पैसाही जातो. २०१९ साली केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने आणि दिल्लीच्या एम्सने देशभरातले सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्यात दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस माणसांपैकी एकालाच कसला ना कसला उपचार मिळाल्याचे आढळले. भरती होऊन उपचार घेतलेला तर एकशे ऐंशींत एक. बाकीच्यांना काय मिळते? शिव्या, शपथा, आणि गुपचूप चहात टाकायची पूड.

शपथेचे आमच्याकडेही झाले. धाकट्याने कुरआनवर हात ठेवून तीनदा सोडली. मोडलेल्या शपथेचा कफ्फारा असतो, दहा गरजूंना जेवण, तेवढी ऐपत नसेल तर तीन रोजे. तिसऱ्या वेळी अम्मी म्हणाल्या, "आता शपथ नको बाबा. शपथेचा कफ्फाराच दारूपेक्षा महाग पडायला लागलाय." घरात त्या दिवशी पुष्कळ दिवसांनी हसू झाले, धाकटाही हसला. पण त्यात एक खरी गोष्ट होती. शपथ मोडली की माणूस गुनाहगार म्हणून आणखी खाली बघतो, आणि खाली बघणारा पुन्हा तिकडेच जातो.

दारू हराम आहे यावर आमच्या घरात वाद नाही. पण हराम म्हटले की विषय संपतो असे ज्यांना वाटते त्यांनी दोन गोष्टी आठवाव्यात. एक, मनाईचा हुकूम एका दिवसात आलेला नाही. आधी सूरह बकरामध्ये फायद्याहून गुनाह मोठा असल्याचे सांगितले, मग सूरह निसामध्ये नशेत नमाजजवळ न जाण्याचे, आणि शेवटी सूरह माइदामध्ये संपूर्ण मनाई. दुसरी गोष्ट सहीह बुखारीतली. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात एक माणूस दारूसाठी वारंवार शिक्षा भोगायचा. एकदा कुणीतरी त्याच्यावर लानत केली, तर प्रेषितांनी त्याला थांबवले आणि सांगितले की हा माणूस अल्लाह आणि त्याच्या रसूलवर प्रेम करतो. शिक्षा माफ केली नाही, पण माणसाला झिडकारू दिले नाही. आमच्या मौलानांनी ही हदीस अम्मींना सांगितली त्या रात्री अम्मींनी धाकट्याला कितीतरी महिन्यांनी आपल्या ताटात जेवायला बसवले. उपचाराची गोष्ट त्यानंतर निघाली, त्याआधी नाही.

आता हिशोब.

धाकटा रोजचे दोनशे रुपये दारूत घालत होता. वर्षाचे त्र्याहत्तर हजार. महिन्यात बारा दिवस तरी काम बुडायचे. त्याच्यासारख्या कारागिराची हजेरी सातशे धरली तर महिन्याचे आठ हजार चारशे, वर्षाचे एक लाख आठशे. दोन्ही मिळून पावणेदोन लाखांच्या घरात. केंद्रवाले हाच हिशोब आपल्याला ऐकवतात. म्हणतात, एवढे दारूत घालता, मग आमचे पंचवीस हजार जड का वाटतात? ऐकायला पटते. पण हा हिशोब फसवा आहे. दारूचे दोनशे रुपये काही आपल्या कपाटात नसतात. ते उधारीतून येतात, दुकानाच्या गल्ल्यातून जातात, बायकोच्या डब्यातून जातात. बुडालेली हजेरी तर कधी आलेलीच नसते. केंद्राची फी मात्र रोख आणि आगाऊ द्यायची असते. वाचणारे पैसे पुढे कधीतरी, थोडे थोडे, हाती येतात. जाणारे पैसे आज लागतात. म्हणून 'दारूपेक्षा स्वस्त' या बोलण्याला भुलून कर्ज काढू नये.

कर्ज सुचवणारे भेटले होते. फाट्यावर शेकडा पाचने पैसे देणारे आहेत, म्हणजे महिन्याला शंभरावर पाच रुपये. व्याज आपल्याला मना आहे ते सोडा, नुसता हिशोब बघितला तरी सत्तर हजारांवर महिन्याला साडेतीन हजार व्याज. एक व्यसन सोडवायला दुसरे गळ्यात.

मग नजर गेली सोन्याकडे. धाकट्याच्या बायकोचे तीन तोळे. काही मेहरमधले, काही माहेरचे. दूरच्या नात्यातल्या एका बुजुर्गांनी बैठकीत सरळ म्हटले, नवऱ्यासाठी नाही तर सोने कशासाठी? सगळे गप्प झाले. तेव्हा अम्मी बोलल्या. मेहर बाईचा असतो, ती खुशीने देईल तेवढेच घेता येते, हे कुरआनात आहे, आणि भरल्या बैठकीत विचारले तर ती खुशी कशी? त्या तिला आत घेऊन गेल्या. बाहेर येऊन धाकटी जे म्हणाली ते आम्ही तिच्याच शब्दांत लिहितो: "भाईजान, सोने मी देईन. पण पहिल्या महिन्यासाठी नाही देणार. पहिल्या महिन्याला सगळे मदत करतात. तो घरी आल्यावर कुणी नसते. तेव्हा लागले तर काढीन."

आमच्या साऱ्या हिशोबाची दिशा या एका बोलण्याने बदलली. तोवर आम्ही भरतीचा खर्च काढत होतो. तिने आम्हाला वर्षाचा काढायला लावला.

सोने आणि व्याज सोडून जे जमले ते असे. एक म्हैस विकली, बेचाळीस हजार. थोरल्याची भिशी लागली होती, वीस हजार. परतूरच्या खालांनी कर्जे हसना म्हणून पंधरा हजार दिले, बिनव्याजी, मुदत न घालता. एकूण सत्याहत्तर हजार. एवढ्यात वर्ष काढायचे होते.

जकातीचेही विचारले. दारुड्याला जकात? असे एकाने म्हटलेच. मौलानांनी सांगितले की जकात हक्काने गरिबाची आणि कर्जात बुडालेल्याची आहे. धाकट्याच्या बायकोमुलांकडे त्या दिवसांत खायला नसेल तर त्यांना द्यायला हरकत नाही. आम्ही घेतली नाही, कारण म्हैस होती. पण ज्या घरी म्हैस नाही त्यांनी लाजू नये, आपल्या आलिमांना विचारावे.

विम्याचाही दरवाजा ठोठावला. मधल्याने दोन वर्षांपूर्वी आरोग्य विमा काढलेला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि मादक पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत, आणि मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा असेही म्हटले आहे. पण पॉलिसीच्या मागच्या पानावर वगळलेल्या गोष्टींच्या यादीत बाराव्या क्रमांकावर दारू-व्यसनावरचा उपचार होता. ही यादी विमा नियामकाने ठरवून दिलेली आहे, त्यामुळे बहुतेक पॉलिसींत ती अशीच सापडेल. म्हणून विम्यावर विसंबून राहण्याआधी ते पान वाचावे.

तीन वाटा समोर होत्या. पहिली, मोठ्या शहराच्या बाहेर एका बंगल्यातले खासगी केंद्र. महिन्याला पंचवीस हजार, कमीत कमी तीन महिने, अनामत पाच हजार, आणि "पेशंट तयार नसेल तर आमची गाडी येईल, चार माणसे येतील" याचे सहा हजार. एकूण शहाऐंशी हजार. आम्ही विचारले, पहिल्या रात्री फिट आली तर डॉक्टर कोण? उत्तर आले, आमच्याकडे सगळे अनुभवी लोक आहेत. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का? काम चालू आहे. भेटायला कधी यायचे? दीड महिना भेट नाही, फोन नाही. इथे आमचे बोलणे संपले. कायद्याने तिथल्या माणसाला घरच्यांशी बोलण्याचा हक्क आहे आणि मारहाणीपासून संरक्षण आहे. जिथे दीड महिना आवाज ऐकू येणार नाही तिथे आत काय चालते ते कसे कळायचे? चार माणसांनी उचलून नेलेला भाऊ परत आल्यावर आपल्याकडे कोणत्या डोळ्यांनी बघेल, हाही हिशोबच आहे.

पहिल्या रात्रीचा प्रश्न आम्ही का विचारला ते सांगायला हवे, कारण यात जीव जातो. नातेवाईक म्हणत होते, शेतातल्या खोलीत आठ दिवस कोंडून ठेवा, एक रुपया लागणार नाही. जालन्याच्या डॉक्टरांनी ऐकून हात जोडले. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तोडली तर हातपाय कापतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. वेळीच औषध नसेल तर त्यात माणूस दगावतो. औषधे साधी आणि जुनी आहेत, मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्या हळूहळू कमी करत न्यायच्या आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शने द्यायची. पण ती डॉक्टरांच्या नजरेखाली. चहात टाकायच्या पुडीचेही तसेच. त्यात डायसल्फिराम असेल आणि माणूस नकळत वरून दारू प्यायला तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतते. ते औषध चांगले आहे, पण घेणाऱ्याला माहीत असताना, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

दुसरी वाट पुण्याची, मुक्तांगणची. हे नाव आपल्या बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात केंद्र सुरू झाले. ते उभे केले डॉ. अनिता अवचट यांनी, त्या स्वतः मनोविकारतज्ज्ञ. १९९७ साली कॅन्सरने त्या गेल्या. आता त्यांची मुलगी डॉ. मुक्ता पुणतांबेकर ते काम पाहते. तिथला भरतीचा काळ पस्तीस दिवसांचा. व्यसनातून बाहेर आलेलीच माणसे तिथे नव्यांना सांभाळतात, व्यसनमुक्तीचा वाढदिवस साजरा होतो, आणि सोडून गेलेल्यांचा पाठपुरावा चालू राहतो. महाराष्ट्रात नंतर निघालेल्या कितीतरी केंद्रांनी हाच नमुना उचलला. ज्यांना पुणे जवळ आहे त्यांनी आधी तिथे विचारावे.

आम्हाला पुणे जवळ नाही. वाटूरहून तीनशे किलोमीटरहून जास्त. भरतीला एकदा जाणे जमले असते. पण धाकटीने वहीत बोट ठेवले ते पुढच्या भेटींवर. दर महिन्याला दोघांनी पुण्याला जायचे म्हणजे जाण्यायेण्याचे भाडे, एक मुक्काम, दोन दिवसांची हजेरी. तीन महिन्यांनी कंटाळा येईल, मग एक भेट चुकेल, मग दुसरी. केंद्र कितीही चांगले असो, जिथे दर महिन्याला जाणे होत नाही ते आपल्याला महागच.

तिसरी वाट स्वस्त आहे आणि लोक तिला विसरतात. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, केसपेपरच्या पैशात तपासणी होते, गरज पडली तर भरती करतात. पहिल्या आठ-दहा दिवसांचा धोक्याचा काळ तिथे निभावतो. मात्र जवळ एक माणूस चोवीस तास लागतो. ज्या घरात मोकळा माणूस आहे त्यांनी याचा विचार पहिल्यांदा करावा. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन आहे, जवळचे केंद्र तिथे विचारता येते. आम्हीही विचारले.

शेवटी ठरले ते शेजारच्या जिल्ह्यातले एका ट्रस्टचे केंद्र, बसने तीन तास. नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर होते, रात्रपाळीला नर्स होती. पस्तीस दिवसांचे साडेअकरा हजार. आम्ही आधी जाऊन जागा बघून आलो. नमाजला जागा आहे का विचारले, तर व्यवस्थापकांनी एक कोपरा दाखवला, चटई अंथरलेली होती. आमच्याआधी कुणीतरी येऊन गेले होते म्हणायचे! जेवण शाकाहारी, त्यामुळे हलालचा प्रश्नच नव्हता. सकाळच्या सामूहिक प्रार्थनेत धाकटा हात बांधून गप्प उभा राहायचा आणि मनात दुआ म्हणायचा, कुणी काही बोलले नाही. हे प्रश्न आधी विचारून घ्यावेत. आत गेल्यावर अवघड वाटले की माणसाला बाहेर पडायला निमित्त मिळते.

भरतीच्या वेळी त्याच्या सहीला मान होता. चार माणसांच्या गाडीऐवजी तो स्वतः एसटीच्या खिडकीशी बसून गेला. पहिला आठवडा औषधांचा. नंतर गटात बसणे, समुपदेशन, बोलणे, साफसफाई, पुन्हा बोलणे. पैसे कशाचे घेतात असे आपल्याला वाटते, कारण गोळ्या तर आठवड्यातच कमी झालेल्या असतात. पण पैसे त्या बोलण्याचेच आहेत. धाकट्याने तिथे पहिल्यांदा सांगितले की त्याला कटरचा आवाज सहन होत नाही. दोन वर्षांपूर्वी दुकानात कामावरच्या पोराचे बोट गेले होते, तेव्हा मशीन त्याच्या हातात होते. घरात कुणालाच माहीत नव्हते की पिणे वाढले ते त्या महिन्यापासून. साडेअकरा हजारांत हे कळले.

त्या पस्तीस दिवसांचा खरा आकडा असा. फी साडेअकरा हजार, तपासण्या अठ्ठावीसशे, जाणे-येणे आणि दोन रविवारच्या भेटी चोवीसशे, आणि त्याच्या बायकोमुलांचे राशन, दूध, शाळेची रिक्षा मिळून नऊ हजार. एकूण पंचवीस हजार सातशे. शेवटचे नऊ हजार कुठल्याच केंद्राच्या दरपत्रकात नसतात. सत्याहत्तर हजारांतले एक्कावन्न हजार तीनशे आमच्याकडे राहिले. शहाऐंशी हजारांच्या बंगल्यात गेलो असतो तर तो घरी यायच्या आधीच आम्ही कर्जात गेलो असतो.

घरी आल्यानंतरचे वर्ष लिहायला लांबलचक आहे, पण खर्चाच्या बाजूने बघा. किराणा दुकानाची जुनी उधारी नऊ हजार, ती आधी फेडली. ठेक्यावरची उधारी चौतीसशे. काही जण म्हणाले, दारूची उधारी कसली फेडता? मधला स्वतः जाऊन फेडून आला आणि पावती मागितली, कारण उधारी राहिली असती तर ठेकेवाल्याने धाकट्याला रस्त्यात अडवून हाक मारली असती. ते चौतीसशे आम्ही उपचाराच्याच खात्यात लिहिले. औषधे आणि महिन्याची भेट मिळून अठराशे पडतात. एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे धाकटी सोबत जाते. तिथे बायकांची वेगळी बैठक असते. ती म्हणते, माझा उपचार त्या बैठकीत होतो.

चौथ्या महिन्यात तो पुन्हा प्यायला. एका लग्नाहून येताना, दोन दिवस. घरात सुतक आल्यासारखे झाले. पण आम्हाला केंद्रात सांगून ठेवले होते की असे होऊ शकते. अमेरिकेच्या अमली पदार्थविषयक राष्ट्रीय संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे व्यसनाच्या आजारात शंभरांतले चाळीस ते साठ पुन्हा घसरतात, आणि हे प्रमाण रक्तदाब किंवा दम्याचे रोगी औषधपाणी सोडून पुन्हा आजारी पडतात त्याच्यासारखेच आहे. रक्तदाब वाढला म्हणून आपण कुणाला घराबाहेर काढत नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला घेऊन घाटीत गेलो, पाच दिवस राहिलो, जाण्यायेण्यासह बेचाळीसशे लागले. पैसे बाजूला होते म्हणून कुणाच्या दारात जावे लागले नाही. धाकटीने त्या दिवशी ट्रंकेची किल्ली अम्मींच्या हातात ठेवली होती. अम्मींनी ती परत केली.

या काळात बिनपैशाचाही एक आधार सापडला, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरत हे काम सुरू केले, आज जगभर आहे. फी नाही, नोंदणी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. सभेत पिशवी फिरते, इच्छा असेल तर दहा रुपये टाकायचे. त्यांच्या बोलण्यात ईश्वराचा उल्लेख येतो, ज्याला जसा समजेल तसा, त्यामुळे धाकट्याला तिथे परके वाटले नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९८९ साली मुसलमानांनी याच पायऱ्या इस्लामच्या चौकटीत बसवून मिल्लती इस्लामी नावाची संगत सुरू केली. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या मशिदींनी जुम्याच्या दिवशी एखादी खोली अशा बैठकीला द्यायला काय हरकत आहे? आम्ही आमच्या मौलानांकडे हे काढले आहे. ते म्हणाले, आधी लोकांनी कबूल तर करायला हवे की गरज आहे.

दुकानात धाकटा पुन्हा येतो. कटर चालवत नाही, वेल्डिंग आणि हिशोब करतो. पहिले तीन महिने त्याची हजेरी त्याच्याच सांगण्यावरून बायकोच्या हातात दिली. आता अर्धी त्याच्या हातात देतो. फाटा आहे, समोर ट्रक थांबतात, संध्याकाळी ओळखीचे लोक हाक मारतात. त्यामुळे मगरिबला दुकान बंद करून तो मधल्याबरोबर घरी येतो. संध्याकाळचे ते तासभराचे गिऱ्हाईक आमचे जाते. ते वहीत कुठे लिहायचे हे अजून ठरलेले नाही.

अकरा महिन्यांची औषधे आणि भेटी एकोणीस हजार आठशे झाल्या. सगळे वजा करून एक्कावन्न हजारांतले चौदा हजार नऊशे उरले. त्यातले दहा हजार परवा परतूरला जाऊन खालांना दिले. पाच हजार द्यायचे आहेत. खाला म्हणाल्या, राहू द्या, पुढची भेट होऊ दे आधी. पुढची भेट पंधरा तारखेला आहे. चार हजार नऊशे डब्यात आहेत आणि कापूस अजून वेचायचा आहे.